उतरवलेल्या स्प्रिंगा

गोडादरा, सुरत
२७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही घरी सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणजे रोहित आणि मी. ज्याला आणायला गेलो होतो तो मागेच राहिला आणि जीपमध्ये मागे अंथरलेली गादी रिकामीच परत आली. करंज्यांचा डबा तेवढा तू ठेवून घेतलास, त्याबद्दल आभार.

तू गादीवर आडवा झालास, पहिल्या नाल्यापर्यंत अवाक्षर काढलं नाहीस, आणि चाक नाल्यात उतरलं तेव्हा जो ओरडलास तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. मी त्रेसष्ट वर्षांची झाले, तुला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. रोहितने तिथल्या तिथे जीप वळवून तुला घरी सोडलं. परतताना व्याऱ्याजवळ तो म्हणाला, की मामाला आपणच दुखवून आलो. परवा तो पुण्याला नोकरीवर परत गेला. जीप नेहमीसारखी माझ्याकडे ठेवून गेला आहे.

तुझ्या एक्स-रेचे फोटो मी इथल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. पाण्याच्या पंपाच्या ओट्यावरून घसरलास त्यात दोन मणके दबले आहेत आणि त्यातला एक नसेला टेकला आहे. ऑपरेशन करावं लागेल. पायात बधिरपणा आला तर मात्र फार दिवस काढता येणार नाहीत, कारण गेलेला पाय मग परत येत नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. तुझ्या पायाला काही नाही ना? एका ओळीत खरं कळव.

वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. त्या धरणाच्या कडेला एकटं राहायची हौस आता पुरे झाली असं मला वाटतं, पण तो वाद आज नको. आधी पाठ. पाड्यावर फोनला रेंज नाही, आणि रेंजपर्यंत तुला आणलं तरी तुला ऐकू येत नाही, तेव्हा हे सगळं कागदावरच भांडायचं आहे. माझं अक्षर चांगलं आहे हे त्यातल्या त्यात तुझं नशीब.

माझा लोभ तू गृहीत धरतोसच, तशा डॉक्टरांच्या गोळ्याही गृहीत धर आणि वेळेवर घे.

तुझी,
सुनंदा


धरणपाडा, ता. नवापूर
१ नोव्हेंबर २०२५

चि. सुनंदास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. करंज्या संपल्या. मी चारच खाल्ल्या, बाकीच्या हर्षदाने. हर्षदा म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या शोभाबाईंची मुलगी, हे तुला माहीत आहे, पण ती आता बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे हे माहीत नसेल. तूच शिक्षिका होतीस म्हणून सांगतो, तिचं ऱ्हस्व-दीर्घ तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरं आहे.

पायाला काही नाही. पाठ पट्टा बांधला की ठीक असते.

मी ओरडलो ते मान्य. पण दोष कोणाचा ते नीट बघ. सरकारी जीपमध्ये मी एकतीस वर्षं धरणं आणि कालवे हिंडलो, माझ्या पाठीने कधी तक्रार केली नाही. तुझ्या चिरंजिवाने चांगल्या गाडीच्या मूळ स्प्रिंगा काढून ह्या परदेशी उंच स्प्रिंगा आणि दगडासारखे शॉकअप घातले आहेत. सुट्टीच्या दिवशी खडकावरून उड्या मारणाऱ्यांसाठी ते ठीक. ज्यांनी ती गाडी बनवली त्यांनी वजन, रस्ता, बसणारी माणसं ह्यांचा हिशेब करून एक स्प्रिंग ठरवली होती. ती ह्याने भंगारात दिली आणि गाडी उंटाएवढी केली. उंटावर आजारी माणूस नेत नाहीत.

ॲम्ब्युलन्स डांबरीपर्यंतच येते, पुढचे सहा किलोमीटर तिच्या आवाक्याबाहेर आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक्स-रेला गेलो होतो, त्याची आठवण नको. पाड्यावरची माणसं डोली करून न्यायला तयार आहेत. मी नको म्हटलं. चार जणांच्या खांद्यावरून माणसाने एकदाच जावं, आणि तेव्हा त्याला विचारत नाहीत हे बरं.

तेव्हा असं कर. जीपला कंपनीच्या मूळ स्प्रिंगा आणि मूळ शॉकअप परत बसव. मग बोलू. तोवर मला इथे पडू दे.

तुझ्यावर लोभ आहेच, त्या उंटावर मात्र काडीचाही नाही.

तुझा,
दादा


गोडादरा, सुरत
८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मग बोलू, असं तू लिहिलं आहेस. कागद मी जपून ठेवला आहे.

भेस्तानला पंडितचं गॅरेज आहे. पंडित माझा विद्यार्थी, चौथी ब. वडील कापडाच्या लूमवर होते, मूळ गाव अमळनेरकडचं. तेव्हा त्याला पाढे येत नव्हते आणि आता अख्ख्या मार्केटमधल्या श्रीमंत मुलांच्या जिपा त्याच्याकडे येतात. ही मुलं शोरूममधून गाडी घेऊन थेट त्याच्या दारात उभी राहतात, चांगल्या कोऱ्या स्प्रिंगा काढायला लावतात, रोहितसारख्या उंच स्प्रिंगा घालतात आणि जुन्या तिथेच टाकून निघून जातात. जुन्या म्हणायच्या एवढंच, पाचशे किलोमीटरही चाललेल्या नसतात. नव्या मागवल्या तर दीड महिना लागेल असं कळलं, म्हणून मी ह्या उतरवलेल्याच घ्यायच्या ठरवल्या. रोहितला फोनवर सांगितलं. लोक गाडी वर नेतात, तू खाली आणतेस, असं म्हणून तो थोडा रुसला आणि मग त्यानेच विचारलं, की मामा ह्याच्यात झोपून येईल ना.

शॉकअप पंडितने मला एकेक दाखवले. हाताने दाबायचा, सोडायचा, आणि तो सावकाश, एका चालीत वर आला तर चांगला. जो मध्येच गचकन सुटतो तो मेलेला. मीही दाबून पाहिले. त्याने निवडलेल्या चारांतला एक मी नापास केला आणि त्याने निमूटपणे दुसरा आणला. चौथी ब अजून घाबरते.

स्प्रिंगांचं मात्र बिघडलं. पुढच्या दोन ठीक बसल्या. मागच्या दोन बसवल्या आणि जीप जमिनीवर उभी केली तर ती डावीकडे दोन बोटं वर. चालवून पाहिली तर डावीकडून धक्का थेट दातांत येतो. मी तसं सांगितल्यावर पंडित म्हणाला, "गाडीले काही व्हयेल नही बाई, बसनारनी कंबर जुनी शे." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, मग तो गाडीखाली शिरला.

आता खरा घोटाळा ऐक. ह्या स्प्रिंगांवर कंपनी रंगाचे पट्टे मारते. डिझेलच्या, पत्र्याच्या छपराच्या जड गाडीला एका रंगाचे, आपल्यासारख्या पेट्रोलच्या कापडी छपराच्या हलक्या गाडीला दुसऱ्या रंगाचे. आकार सारखा, उंची जवळजवळ सारखी, फरक सगळा त्या पट्ट्यात. आणि पंडितने खंडेनवमीला गॅरेजमधलं झाडून सगळं लोखंड घासूनपुसून काळ्या रंगात काढलं होतं. पाने, जॅक, घण, त्याबरोबर हा स्प्रिंगांचा ढीगसुद्धा. वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. वर्षभर ज्या लोखंडावर पोट भरतं ते पूजेला मळकं कसं मांडायचं, असं त्याचं म्हणणं. मला त्याला रागावता येईना. आपल्याकडेही आजोबा विळे-कोयते असेच घासायला लावत.

ढिगात मागच्या म्हणून नऊ स्प्रिंगा आहेत, सगळ्या काळ्या कुळकुळीत. त्यातली कुठली जड गाडीची, कुठली हलक्या गाडीची, हे पंडितला सांगता येत नाही. तू इंजिनिअर आहेस. काहीतरी सुचव.

लोभात कमतरता नाही, अक्कल मात्र तुझ्याकडून मागवते आहे, ती लगेच पाठव.

तुझी,
सुनंदा


धरणपाडा
१२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सुनंदाआत्या यांना,
हर्षदाचा शि. सा. न.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. साहेबांना माहीत नाही. माहीत झालं तर ते माझ्याशी बोलायचे नाहीत, म्हणून तुम्ही सांगू नका.

साहेबांनी तुम्हाला पायाला काही नाही असं लिहिलं. ते पत्र मीच मोटार स्टँडवरच्या पेटीत टाकलं, तेव्हा चुकी माझीपण आहे. त्यांची डावी चप्पल चालताना पायातून निघते आणि ते तसेच पुढे जातात. त्यांना कळत नाही. मी मागून चप्पल उचलून आणते आणि खाटेखाली ठेवते, आणि आम्ही दोघं काही बोलत नाही. दसऱ्याच्या आधीपासून असं आहे. काल अंगणातल्या मुंग्या त्यांच्या पायावर चढल्या होत्या, माझ्या आईने पाहिल्या, तोवर त्यांना पत्ता नव्हता.

तुमचं पत्र आलं की ते खूश असतात. आज सकाळपासून ते स्प्रिंगांचं चित्र काढत बसले आहेत आणि माझ्याकडून कॉलेजची मोजपट्टी घेतली आहे. बऱ्याच दिवसांनी असे बसले.

आईचा नमस्कार. जमेल तितक्या लवकर काहीतरी करा, आणि आमच्यावर माया असू द्या.

आपली,
हर्षदा


गोडादरा, सुरत
१४ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसून रडले. नंतर तोंड धुऊन डॉक्टरांकडे गेले. चूक तुझी नाही. तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस, आणि दादाला मी काही सांगणार नाही.

डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस दिवसांच्या आत आणा, पण आदळत आणू नका. एखाद्या मोठ्या धक्क्याने उरलेली नसही दुखावेल. म्हणजे घाईही करायची आहे आणि हळूही जायचं आहे. डोलीचा विचार मी केला. जबरदस्तीने डोलीत घातलं तर तो अर्ध्या वाटेत उतरून चालायला लागेल, हे मला माहीत आहे आणि आता तुलाही असेल. त्याला स्वतः हो म्हणायला लावलं पाहिजे. स्प्रिंगांच्या निमित्ताने तो माझ्याशी बोलतो आहे, तेवढंच माझ्या हातात आहे.

तोवर त्याला एकट्याला पंपाकडे जाऊ देऊ नकोस. चप्पल उचलून आणत जा, पण आता मागच्या पट्ट्याची सँडल घाल म्हणावं, थंडी पडली आहे हे कारण सांग. तुझ्या आईला नमस्कार, आणि तुम्हा दोघींवर माझा जीव आहे हे लक्षात ठेव.

तुझी,
आत्या


धरणपाडा, ता. नवापूर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सुनंदास,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला दोन दिवस घेतले, कारण चित्र नीट यायला हवं होतं. सोबत जोडलं आहे. पंडितला दे आणि त्याला म्हणावं, लोखंडाची पूजा कर, पण आधी त्याच्यावर काय लिहिलं आहे ते वाच. मग म्हणावं, मला त्याचा राग आलेला नाही. आमच्या खात्यात एका ओव्हरसियरने पाणी मोजायच्या पट्टीला पांढरा रंग देऊन वरचे आकडे बुजवले होते, आणि तो तर पदवीधर होता.

स्प्रिंग कुठली आहे हे तिच्या अंगावरच्या रंगावरून कळत नसेल तर तिच्यावर वजन ठेवून कळतं. हलक्या गाडीची जास्त बसते, जड गाडीची कमी. सगळ्यांवर एकच वजन यायला हवं आणि ते बदलता कामा नये. साखरेची पोती घे. कारखान्याचं शिवलेलं पोतं पन्नास किलोचं असतं, ते सुतळी न काढता वापरायचं. चार पोती पुरतील. स्प्रिंग सरळ उभी राहायला दोन बाजूंना आधार हवा, नाहीतर सटकून कोणाच्या तरी पायावर जाईल. वर जाड फळी, फळीवर पोती, एका वेळी एकच स्प्रिंग. आधी उंची मोज, मग वजनाखाली उंची मोज, वजाबाकी लिही. मोजमाप तू घे. पंडितला बोटांनी मोजायची सवय आहे आणि माणसागणिक बोटं वेगळी.

नवांचे दोन गट पडतील. ज्या जास्त बसतील त्यातल्या एकमेकींच्या सर्वांत जवळच्या दोन घे. त्याच तुझ्या.

दोन दिवस पाठीकडे लक्ष नव्हतं, हे कबूल करतो. थंडी आहे म्हणून हर्षदा मला शाळकरी मुलासारखा स्वेटर घालायला लावते आहे. लहान मुलींच्या हाती सत्ता गेली की असं होतं, ह्याचा अनुभव मला तू आठ वर्षांची असल्यापासून आहे.

आकडे आल्याशिवाय लोभ वाढणार नाही, आहे तेवढा मात्र कायम.

तुझा,
दादा


गोडादरा, सुरत
२२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं चित्र पंडितने गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलं आहे. शेजारच्या भंगारवाल्याकडे जुन्या लूमचा सांगाडा पडून होता, तो त्याने उभा केला आणि स्प्रिंग मधोमध धरली. आधार पक्का झाला. साखर चलथाणच्या कारखान्याची, वाण्याकडून चार पोती उसनी आणली, सुतळी न काढता परत करायच्या अटीवर. वाण्याला वाटलं घरी लग्न आहे.

नऊ स्प्रिंगांना सबंध दिवस लागला. मी खडूने आकडे घातले आणि वहीत लिहिले. पाच स्प्रिंगा पन्नास मिलीमीटरच्या आसपास बसल्या. चार बसल्या चौसष्टपासून अडुसष्टपर्यंत. त्या चारांतल्या दोन अगदी सारख्या निघाल्या, सहासष्ट आणि सहासष्ट. पंडितने पहिल्यांदा बसवल्या होत्या त्यातली डावी पन्नासची होती. ती जड गाडीची, म्हणूनच गाडी डावीकडे वर राहिली होती. त्याने माझ्यासमोर कान धरले. मग त्या नवाही स्प्रिंगांवर त्याने तांबड्या आणि पिवळ्या रंगाचे पट्टे मारले आणि पुढच्या खंडेनवमीला रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी बाईंना फोन करीन, असं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सहासष्टच्या जोडीवर जीप उभी केली. सरळ उभी आहे. रोहितच्या वेळेपेक्षा चार बोटं खाली आली, आणि मला पाय वर टाकून चढता येतं, मांडी धरावी लागत नाही.

मग चलथाणच्या पुढे उसाच्या गाड्यांचा कच्चा रस्ता आहे, तिकडे गेलो. तुझ्या सहा किलोमीटरपेक्षा तो वाईट नसेल, पण चांगलाही नाही. पंडितला चालवायला बसवलं आणि मागे गादीवर मी आडवी झाले. लाज वाटली, पण दुसरा उपाय नव्हता. मागे मी एकटी असताना धक्के लागत होते, पूर्वीइतके नाही, पण लागत होते. मग एकेक पोतं चढवत गेलो. मी आणि पोती मिळून मागचं वजन दोनशे किलोच्या जवळ आलं तेव्हा गाडी मऊ झाली. चाकं खड्ड्यात उतरत होती आणि मला नुसतं झुलल्यासारखं वाटत होतं. अडीचशेवर नेलं तर तळ लागायला लागला. म्हणजे दोनशे. हे तूच लिहिलं होतंस, की बनवणाऱ्यांनी बसणारी माणसं धरून हिशेब केलेला असतो.

तेव्हा आता शेवटचं गणित. मागे तू झोपणार, तुझे सत्तर किलो. तुला धरायला हर्षदा बसेल, तिचे पंचेचाळीस धरले. गादी आणि तुझी पिशवी, दहा. झाले एकशे पंचवीस. उरले पंचाहत्तर, म्हणजे दीड पोतं साखर. मी दीड पोतं वेगळं विकत घेऊन ठेवते आहे. आकडे तपास.

दादा, तू म्हणाला होतास मूळ स्प्रिंगा बसव, मग बोलू. बसवल्या. आता बोल. मी तुला घाबरवत नाही, उलट मीच घाबरले आहे. तू ह्या वेळी नाही म्हणालास तर माझ्याकडे पुढे काही नाही. मी फक्त गाडी बदलू शकत होते.

तारीख कळव. लोभ किती आहे ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही, तू मानशील तेवढा.

तुझी,
सुनंदा


धरणपाडा, ता. नवापूर
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सुनंदास,
अ. उ. आ.

पत्र काल दुपारी मिळालं. रात्री झोपलो नाही, पण ते पाठीमुळे नाही.

आधी पाय. डाव्या पायात बधिरपणा आहे, दसऱ्याच्या आधीपासून. मी तुला काही नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. हर्षदाला काही बोलू नकोस. तिने मागच्या पट्ट्याची सँडल पुढ्यात ठेवली त्या दिवशी मला कळलं, की तिने कोणाला तरी सांगितलं आहे. बरं केलं.

स्प्रिंगा हे निमित्त होतं. उंच जीपमध्ये दुखलं हे खरं, पण मी डोलीत बसलो असतो, ट्रॉलीत पुन्हा बसलो असतो, जायचंच असतं तर. सहा वर्षांपूर्वी प्रमिलाला मी ह्याच वाटेने खाली सुरतेला नेलं होतं. आठ दिवसांत परत येऊ असं तिने शोभाबाईंना सांगितलं होतं, चुलीवरची हंडीसुद्धा पालथी घालून गेली नव्हती. मी एकटा वर आलो. मला सुरतेची भीती वाटते, सुनंदा. ऑपरेशनची नाही, खाली गेलो की पुन्हा वर येणार नाही ह्याची. तुला जीपचं काम सांगितलं ते तू दोन महिने त्यात अडकावीस म्हणून. तू तीन आठवड्यांत करून दाखवलंस, आणि मधल्या दिवसांत मीच त्यात अडकलो. सहासष्ट आणि सहासष्ट वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो, शोभाबाई बघायला बाहेर आल्या.

रविवारी ये. सकाळचं ऊन पडल्यावर निघायचं, नाल्यात तेव्हा ओल नसते. जीप तू चालव. तुला मी शिकवलं आहे, पंडितला कोणी शिकवलं ते मला माहीत नाही. त्याला शेजारी बसव. चाकांत हवा चार पौंड कमी ठेव. पोती मागच्या चाकांच्या बरोबर वर येतील अशी ठेव आणि दोरीने बांध. हर्षदा माझ्याबरोबर येते आहे, चार दिवस कॉलेज बुडेल, तू तिचा अभ्यास घे. डॉक्टरांना विचारून ठेव, की चालता यायला किती दिवस लागतील. मला इथे परत यायचं आहे, हे त्यांना आधीच सांग.

आता गणित. तुझी पद्धत बरोबर आहे, दोनशे हा आकडाही बरोबर आहे. हर्षदाचे पंचेचाळीस बरोबर. माझा आकडा चुकला आहे. तो तू जुना धरलास, त्यात तुझा दोष नाही, मी सैल सदरा घालून बसतो. पत्राला सत्तर असंच उत्तर द्यावं असं मनात आलं होतं, पण चुकीच्या वजनावर स्प्रिंग चुकीची वागते. म्हणून आज सकाळी शोभाबाईंनी तूर मोजायचा काटा आंब्याला टांगला आणि मला पाटावर बसवून मोजलं. दोनदा मोजलं. पंचेचाळीस किलो भरलो. हर्षदा आणि मी आता सारखे आहोत. दुखण्याने जेवण जात नाही, दुसरं काही नाही. रविवारी मला बघशील तेव्हा घाबरू नकोस, म्हणून आधी लिहितो.

पंचेचाळीस, पंचेचाळीस आणि दहा, झाले शंभर. उरले शंभर. दीड नव्हे, दोन पोती साखर घाल.

लोभ ठेवून वाट पाहतो.

तुझा,
दादा